घोडा, चाप की साप?

भटकभवानी: मदत हवीये. युरोपातल्या जुन्या चित्रांमधल्या बंदुकांवर मराठीत स्लाइड्स करतेय. व्हिएन्नाच्या १४११ च्या एका हस्तलिखितात बंदुकीच्या बाजूला नागमोडी लोखंडी दांडा दाखवलाय, वरच्या टोकात पेटता तोडा (जळती दोरी), खालचं टोक ओढलं की वरचं रंजकेवर (बत्तीच्या दारूवर) येतं आणि बार उडतो. इंग्रजीत सर्पेंटाइन. मी 'घोडा' लिहिलं, तपासणाऱ्यांनी खोडून 'चाप' केलं. कोण बरोबर?

जुनाबाजार: पडतो तो घोडा, ओढतो तो चाप. संपलं.

सावळागोंधळ: संपलं कुठे? आमच्याकडे सर्रास 'घोडा दाबला' म्हणतात. आणि या चित्रात तर दोन्ही एकच तुकडा आहे ना, वर घोडा खाली चाप, स्प्रिंगबिंग असलेला खटका नंतर आला. म्हणजे ताई, तुम्ही आणि ते तपासनीस एकाच लोखंडाची दोन टोकं धरून भांडताय.

नेकरकाठचा: इकडे जर्मनीत घोड्याला हान म्हणतात, म्हणजे कोंबडा, आणि बाथरूमच्या नळालाही हानच. फ्रेंचांचा कुत्रा, स्पॅनिश लोकांचा चाप म्हणजे मांजराचं पिल्लू. त्यात आपला घोडा आरामात खपतो. आर्केबस शब्दही मुळात इकडचाच, हाकेनब्युक्से, म्हणजे आकड्याची बंदूक. नळीखालचा आकडा तटाच्या भिंतीला अडकवायचा, धक्का भिंत खाते. ब्युक्से म्हणजे डबासुद्धा बरं का :)

गीर्वाण: कोंबडी-कुत्री कशाला? 'सर्पदंड' इतका नेमका शब्द होतो. आणि 'बंदूक' तरी कुठे आपला, 'भुशुंडी' लिहा.

जुनाबाजार: भुशुंडी म्हटलं की मला काकभुशुंडी आठवतो. घ्या, कावळापण आला.

मांडवीकर: गीर्वाणराव, मग काडतूस आणि पिस्तूलही परत करा, दोन्ही पोर्तुगीजांची. माझे आजोबा शिकारीला जायचे, सर्पदंड म्हणाले असते तर रानडुकरानेच हसून जीव सोडला असता.

गीर्वाण: थट्टा सोपी असते. शब्द वापरले नाहीत तर रुळणार कसे?

भटकभवानी: भांडा नंतर, अजून एक स्लाइड आहे. पावियाची लढाई, १५२५. बर्नार्ड व्हान ऑर्लेच्या आराखड्यांवरून ब्रसेल्सला विणलेले सात भलेमोठे पडदे, आता नेपल्सच्या कापोदिमोंते संग्रहालयात. त्यात हे आर्केबसवाले आहेत. त्यांच्या त्या पेटत्या दोरीला 'तोडा' म्हणू की 'जामगी'? बहिणीला 'तोडा' वाचून दाखवलं तर म्हणाली हातातला का पायातला.

सावळागोंधळ: तोडाच. तोड्याची बंदूक हा रुळलेला शब्द आहे, बखरी वाचणाऱ्यांसाठी जामगी ठेवा. डच चित्रकार याकोब द खेनची १६०७ ची कवायतीची चित्रं पण घ्या हो, ११७ आहेत, बंदूक भरण्यातली एकेक हालचाल वेगळी काढलीये. डाव्या हाताच्या बोटांत तोडा कसा धरायचा तेही दिसतं. दोन्ही टोकं पेटती ठेवायचे, एक विझलं तर दुसऱ्यावरून पेटवायला, आणि त्याच माणसाच्या अंगावर दारूची भांडी लटकलेली!!

नेकरकाठचा: बंदूक शब्द व्हेनिसचा, हे कुणी कसं नाही सांगितलं? अरबीत व्हेनिसला अल-बुंदुकिया म्हणतात.

मांडवीकर: ते नुसतं नावातलं साम्य. बुंदुक म्हणजे हेझलनट, त्यावरून गोळी, गोळीवरून बंदूक.

नेकरकाठचा: साम्य इतकं सरळ असतं होय?

भटकभवानी: अहो, पण मी घोडा ठेवू का काढू?

जुनाबाजार: हेझलनटला मराठीत काय म्हणतात?

गीर्वाण: त्यासाठी वेगळा धागा काढावा लागेल.