येवला की लक्ष्मी रोड?

लेकीच्या लग्नाची पैठणी येवल्याला जाऊन घ्यावी की पुण्यातच लक्ष्मी रोडवर, असं तुम्ही विचारलंय. जमत असेल तर येवल्याला जाच. स्वस्त मिळते म्हणून नव्हे (फरक पडतो, पण गाडीखर्च आणि पाच माणसांचं जेवण धरलं तर फारसा नाही), तर माग डोळ्यांनी बघता येतो म्हणून.

ओळखायची कशी? पदर उलटा करा. हातमागावर एकेका रंगाचा धागा हाताने गुंफलेला असतो, त्यामुळे मोर, मुनिया (पोपट) दोन्ही बाजूंनी जवळपास सारखेच दिसतात. मागे लोंबते किंवा कातरलेले धागे दिसले तर पदर यंत्रावरचा. सिल्क मार्क रेशीम शुद्ध असल्याचं सांगतो, हातमागाचं नाही; त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा. यंत्रमागावरची 'सेमी पैठणी' घ्यायला माझी हरकत नाही, हातमागाच्या भावात घेऊ नका इतकंच. माझ्या बहिणीच्या वेळी आम्ही तसेच फसलो. दुकानदार गोड बोलत राहिला, आम्ही चहा पीत राहिलो, पदर उलटून बघायचं कुणाला सुचलंच नाही.

आणखी एक. नऊवारी नेसवायची असेल तर आधीच ठरवा. सहावारीतून ती होत नाही आणि मनासारखा रंग हवा तर मागावर टाकावी लागते. पदर भरगच्च असेल तर त्यालाच कित्येक आठवडे जातात. पिवळा घेऊ नका, मामाकडून अष्टपुत्री, म्हणजे लग्नातली पिवळी साडी, येईलच. लेकीला मात्र सोबत न्या. आत्यांना मागाहून फोटो पाठवा.