नीसमध्ये मुक्काम, सोबत ज्येष्ठ आणि लहान मूल: किनारा कोणता, एझला कसं जावं?

निळीकिनार:
जूनच्या पहिल्या पंधरवड्यात ५ दिवस फ्रान्समधल्या नीसमध्ये आहोत. सोबत सासू-सासरे (सासूबाईंचे गुडघे दुखतात) आणि ६ वर्षांची मुलगी. गाडी भाड्याने घ्यायची नाही. मुलीला समुद्रात खेळायला कुठे न्यावं? जवळच्या एझ या जुन्या गावाला रेल्वे स्टेशन दिसतंय, मग ट्रेननेच जावं का? मोनॅको आणि इटलीतलं वेंतिमिल्याही मनात आहे.

भरतीओहोटी:
नीसच्या किनाऱ्यावर वाळू नाही, गोटे आहेत. त्याहून मोठी अडचण म्हणजे तळ झपाट्याने खोल होतो. आल्प्सचे डोंगर इथे थेट समुद्रात उतरतात, त्यामुळे उथळ पट्टा जवळपास नाहीच. वारा सुटला की लाट अगदी काठावर फुटते आणि परतताना पायाखालचे गोटे ओढून नेते. बहुतेक लोक पडतात ते बाहेर येताना. लाटेबरोबर वर यायचं आणि लगेच चार पावलं पुढे जायचं, काठावर रेंगाळायचं नाही. जाड तळव्याचे पाण्यातले बूट सगळ्यांना घ्याच.

मुलीला व्हिलफ्रांश-सुर-मेरला न्या. नीस-व्हिल स्टेशनवरून ट्रेनने दहा मिनिटंही लागत नाहीत. मारिनिएरचा किनारा स्टेशनच्या खालीच आहे (पायऱ्या आहेत, सासूबाईंना सावकाश उतरवा). खाडी असल्याने लाटा कमी आणि रेती जाडीभरडी. सावली नाही, छत्री न्या. लाल झेंडा म्हणजे पोहायला बंदी. जांभळा म्हणजे प्रदूषण किंवा जेलीफिशसारखे प्राणी. जेलीफिश चावलीच तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, गोड्या पाण्याने नको, आणि चोळू नका. त्वचेवर राहिलेल्या डंखपेशी त्याने फुटतात.

घाटमाथा:
एझला ट्रेनने नको. स्टेशन एझ-सुर-मेरचं, समुद्रकाठी. जुनं गाव ४०० मीटरहून जास्त उंचीवर. मधली नीत्शेची वाट (तत्त्वज्ञ नीत्शेच्या नावाची पायवाट) खडी आणि दगडगोट्यांची, चढायला तास-दीड तास. नीसच्या व्होबां ट्राम थांब्यापासून ८२ नंबरची बस थेट गावाशी सोडते. व्होबांलाच चढा, मधल्या थांब्यांवर बस भरून येते. गावातही चढउतार आणि पायऱ्याच आहेत, त्यामुळे माथ्यावरची निवडुंगांची बाग सासूबाईंसाठी सोडून द्यावी. त्यांच्यासाठी बोलियू स्टेशनवर उतरून सँ-झाँ-काप-फेराकडे जाणारा मोरिस रुव्हिए रस्ता उत्तम: फरसबंद, सपाट, समुद्राला लागून, वाहनं नाहीत. खरं सांगायचं तर एझपेक्षा मी हाच निवडेन.

डबा_क्रमांक_४:
तारखा तपासा. मोनॅकोची फॉर्म्युला वन शर्यत २०२६ पासून जूनच्या पहिल्या शनिवार-रविवारकडे सरकली आहे. त्या दिवसांत ट्रेन खच्चून भरतात आणि मोनॅकोत रस्ते बंद असतात. तेव्हा उलट दिशेने, आंतीब या किनाऱ्यावरच्या शहराला जा.

मोनॅको आणि वेंतिमिल्या एकाच मार्गावर आहेत. जाताना उजवीकडे बसा, समुद्र त्या बाजूला. शेंगेन व्हिसा सगळीकडे चालतो, पण सगळ्यांचे मूळ पासपोर्ट जवळ हवेतच. परतताना माँतों-गाराव्हान या सीमेजवळच्या स्टेशनला फ्रेंच पोलीस डब्यात चढून तपासतात आणि गाडीला उशीर होतो, म्हणून संध्याकाळचं काही आरक्षण घट्ट वेळेवर ठेवू नका. वेंतिमिल्याचा मोठा बाजार शुक्रवारी. तिथे नामांकित कंपन्यांच्या नकली पर्स घेऊ नका, इटलीत विकत घेणाऱ्यालाही दंड होतो.