मॉडेल रॉकेटच्या जोखीम तक्त्यात काय राहिलंय?

विज्ञानमंडळ_सोलापूर:
नमस्कार. जुळे सोलापुरातल्या आमच्या शाळेचं मॉडेल रॉकेट फेब्रुवारीत उडवायचंय. विकतची तयार सी वर्गाची मोटर (मसाला भरलेली नळी; ए, बी, सी अशी ताकद वाढत जाते), मोटरसकट वजन ९० ग्रॅम, बघायला ४० मुलं. शक्यता आणि परिणाम यांना १ ते ५ गुण देऊन गुणाकार केलाय. पॅराशूट न उघडणं ३×४=१२ येत होतं; 'मुलांना सावध राहायला सांगू' हा उपाय लिहून ते ६ केलंय. मैदान १५० मीटर लांब-रुंद, कडेला ज्वारीचं रान. तक्ता बरोबर आहे का?

प्रणोदक:
ताई, ते १२ चे ६ होत नाहीत. सांगितल्याने पॅराशूट उघडत नाही.

शक्यता कमी करायची तर पॅराशूटखाली न जळणारा कागद भरा, कापडाला टाल्कम पावडर लावून सैल घडी घाला. नाकाचं टोक हाताने सहज निघायला हवं, पण रॉकेट उलटं धरल्यावर आपोआप पडता कामा नये. परिणाम कमी करायचा तर माणसं लांब ठेवा. या वर्गाला किमान ५ मीटर पुरतात असं मानतात, पण ४० मुलांसाठी ३० मीटर ठेवा.

२५ डिसेंबर २०१० ला इस्रोच्या जीएसएलव्ही-एफ०६ या रॉकेटचे नियंत्रणाचे आदेश नेणारे कनेक्टर सुटले, यान भरकटलं आणि जमिनीवरून ते नष्ट करावं लागलं. आपल्या रॉकेटला तशी सोय नाही. म्हणून सगळा बचाव बटण दाबायच्या आधीच झालेला हवा.

वारा_कुठला:
मैदान मोटरच्या वर्गाला चालेल, वाऱ्याला नाही. २०० मीटर उंची आणि सेकंदाला ५ मीटर उतरण धरली तर ४० सेकंद हवेत. सेकंदाला ५ मीटर वारा असला तर रॉकेट २०० मीटर वाहत जाणार, म्हणजे थेट ज्वारीत. ए किंवा बी मोटर घ्या, नाहीतर पॅराशूटऐवजी लांब फीत लावा.

मुलांना कुठे उभं करायचं? चढताना रॉकेट वाऱ्याच्या तोंडाकडे झुकतं, उतरताना वाऱ्यासोबत जातं. म्हणून मुलं वाऱ्याच्या आडव्या बाजूला हवीत. सकाळी लवकर, वारा पडलेला असताना उडवा. कडब्याच्या गंज्या आणि विजेच्या तारा आधी बघून घ्या. उड्डाणाच्या दांड्याखाली पत्रा ठेवा, भोवतीचं वाळलं गवत काढा, पाण्याच्या बादल्या जवळ ठेवा. आणि मोठी मोकळी जागा हवी म्हणून नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडे कृपया जाऊ नका.

विज्ञानमंडळ_सोलापूर:
धन्यवाद, त्या ओळी बदलते. बटण दाबूनही पेटलं नाही तर?

प्रणोदक:
आधी नियंत्रकाची, म्हणजे बटणाच्या पेटीची, चावी काढा, मग बॅटरीची तार सोडवा. पूर्ण ६० सेकंद कुणीही जवळ जायचं नाही. नंतर एकट्यानेच जाऊन बघायचं. बहुतेक वेळा इग्नायटर (मोटर पेटवणारी बारीक तार) मोटरमधल्या मसाल्याला टेकलेला नसतो किंवा त्याला वीज देणाऱ्या चिमट्यांवर काजळी असते. चिमटे पॉलिश कागदाने घासा, नवा इग्नायटर बसवा.

चावी एकच हवी, आणि दांड्याशी जाणाऱ्याच्याच खिशात. तो परत येईपर्यंत नियंत्रकात चावी नसेल, मग बटण कुणीही दाबो. तुमच्या तक्त्यात ही ओळच नाहीये, ती सगळ्यात वर घाला.

वारा_कुठला:
अजून एक. मोटरचा मसाला घरी कालवू नका. १८८४ चा स्फोटक कायदा लागू होतो. होटगी रोडच्या विमानतळाला आणि पोलीस ठाण्याला लेखी कळवून परवानगी हातात आल्यावरच तारीख ठरवा.