मदत हवी आहे: चाळिशी उलटली, बढती अडकली, दोन मुलं. एक्झिक्युटिव्ह कोर्स करावा का?

नमस्कार मंडळी,

एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर सापडते, आज विषय वेगळा आहे. लिहिता लिहिता लांबलं, तेव्हा चहा घेऊन बसा.

वय ४२. राहते डिचोलीला, नोकरी वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत, क्वालिटी अ‍ॅश्युरन्समध्ये असिस्टंट मॅनेजर. गोवा विद्यापीठातून ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं आणि २००६ मध्ये एचपीएलसीसमोर (औषधाची शुद्धता तपासायच्या यंत्रासमोर) बसले, तिथून इथपर्यंत आले. शेवटची बढती मिळाली तेव्हा मुलगा पोटात होता. तो आता तिसरीत आहे. माझी खुर्ची कधीपासून हलली नाही याचा हिशेब त्याच्या उंचीवरून लागतो.

कामाबद्दल तक्रार नाही. ऑडिट आलं की सगळ्यांना मीच आठवते. डेव्हिएशन (ठरलेल्या पद्धतीत झालेला फरक), कापा (चूक सुधारायची आणि पुन्हा होऊ न देण्याची कारवाई), बॅच रेकॉर्ड, झोपेतून उठवून विचारा. पण मार्चमधली एक मीटिंग डोक्यातून जात नाही. एक बॅच अडली होती. ती का अडली, कुठल्या पायरीला चूक झाली, सगळं मी दहा मिनिटांत मांडलं. नव्या प्लांट हेडनी शांतपणे विचारलं, "ही तीन आठवडे थांबवली तर आपले किती पैसे अडकतात?" मी गप्प. प्लॅनिंगमधला तेहतीस वर्षांचा मुलगा उठला आणि त्याने फळ्यावर चार ओळींत मांडून दाखवलं. पुढच्या महिन्यात डेप्युटी मॅनेजरची जागा त्याला मिळाली. मुलगा चांगला आहे, राग त्याचा नाहीच. त्याने अर्धवेळ एमबीए केलंय. एचआरच्या बाई म्हणाल्या, "तुमचं टेक्निकल उत्तम आहे, पण वरच्या पोस्टला बिझनेसची समज लागते."

घरची बाजूही सांगते, नाहीतर "आधी का नाही केलं" हा प्रश्न येणारच. नवऱ्याचे दोन ट्रक खनिज वाहतुकीला होते. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा एक विकला. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मार्च २०१८ मध्ये ८८ लीज पुन्हा बंद पडले तेव्हा दुसरा विकला. आता हार्डवेअरचं छोटं दुकान आहे, बरं चाललंय. पण मधली काही वर्षं घर माझ्या पगारावर होतं, तेव्हा शिकण्याचा विचारसुद्धा चैन वाटायची. मुलगी यंदा दहावीत आहे. सासूबाईंचे गुडघे गेलेत. कंपनीच्या बसचे जाऊन-येऊन तीन तास, पावसात जास्तच.

चौकशी केली ती अशी. साखळीची गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट घरापासून पंधरा-वीस मिनिटांवर, पण तिथला दोन वर्षांचा पूर्णवेळ निवासी कोर्स मला कुठला जमायला! (१९९३ मध्ये रायबंदरच्या जुन्या हॉस्पिटलच्या इमारतीत ती सुरू झाली तेव्हा मी शाळेत होते. आता ती माझ्या गावाशेजारी आली आणि मी दिवसभर वेर्ण्याला.) बंगळूरच्या आयआयएमचा नोकरदारांचा दोन वर्षांचा वर्ग कॅम्पसवर भरतो, म्हणजे तोही बाद. उरतात ऑनलाइन कोर्स. एका मोठ्या संस्थेच्या नावाने, पण मधल्या कंपनीमार्फत चालणारा अकरा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स मला सुचवला गेलाय. फी ४ लाख ७५ हजार, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५ लाख ६० हजार ५०० रुपये. त्यांचा माणूस रोज फोन करतो. "मॅम, स्कॉलरशिप आज रात्री बारापर्यंतच आहे." गेले सोळा दिवस ती रोज रात्री बाराला संपते.

डेमो लेक्चरला बसले होते, रात्री आठला. वळवाचा पाऊस आला, वीज गेली, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आले. कॅमेरा चालू ठेवा असा नियम. सरांनी कॉन्ट्रिब्यूशन मार्जिन म्हणजे काय विचारलं आणि त्याच वेळी सासूबाई माझ्या मागून फणसाच्या आठळ्यांचं पातेलं घेऊन मेणबत्तीच्या उजेडात गेल्या. हैदराबादच्या एका गृहस्थाने चॅटमध्ये भूत आहे का विचारलं. हसले खरी, पण एक सांगते, त्या दीड तासात मला फार बरं वाटलं. किती वर्षांनी कुणीतरी मला नवीन काही शिकवत होतं.

नवरा म्हणतो, "तू शीक, मी बघतो." त्याचं "मी बघतो" म्हणजे खरोखर बघणं असतं, हे बायकांना वेगळं सांगायला नको.

तर प्रश्न असा, की अशा सर्टिफिकेटला एचआरमध्ये किंमत असते का, की दोन वर्षं काढून डिग्रीच घ्यावी? आणि ज्या आयांनी (बाबांनीही) नोकरी सांभाळून हे केलं, त्यांचं घर त्या काळात नेमकं कसं चाललं? "मॅनेज होतं गं" असं नको, शनिवारचा बाजार कोणी केला ते सांगा.

जाता जाता, नोकरी बदल हा सल्ला कृपया नको. मुलांच्या शाळा आणि सासूबाई सोडून गोव्याबाहेर जाणं नाही, आणि गोव्यात नोकरी बदलायची म्हणजे वेर्णा एस्टेटमध्ये या गेटातून बाहेर पडून त्या गेटात शिरायचं.

– मांडवीपलीकडची

रविवारचा_रस्सा: मी पुण्यात एचआरमध्ये आहे, स्पष्ट लिहितो. अर्जांची चाळणी लावताना आम्ही डिग्री बघतो, अकरा महिन्यांचं सर्टिफिकेट तिथे मोजलं जात नाही. ते मुलाखतीत बोलायला उपयोगी पडतं, इतकंच. आयआयएम कायदा जानेवारी २०१८ पासून लागू झाला, तेव्हापासून त्या संस्थांना डिग्री देता येते, त्यामुळे हातात डिग्री पडणार, डिप्लोमा की नुसतं सर्टिफिकेट, हे लेखी विचारा. माजी विद्यार्थी म्हणून पूर्ण दर्जा देतात का, तेही. मधल्या कंपन्यांबद्दल तर यूजीसीनेच (विद्यापीठ अनुदान आयोगाने) जानेवारी २०२२ मध्ये सावध केलं होतं, ऑनलाइन डिग्रीसाठी विद्यापीठांना अशी फ्रँचायझी देता येत नाही म्हणून. सर्टिफिकेटला तो नियम लागत नाही आणि नेमकी तिथेच दुकानं थाटलीत.

निवांत_नाखवा: हप्त्यांवर घेत असाल तर नीट वाचा. "नो कॉस्ट ईएमआय" म्हणजे बहुतेकदा तुमच्या नावावरचं कर्ज. कोर्स सोडला तरी हप्ते सुटत नाहीत. भावाच्या बाबतीत झालंय. दुसऱ्या महिन्यात त्याची बदली झाली, लेक्चर बंद, हप्ते दीड वर्ष चालू. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची वजावट जुन्या करपद्धतीतच मिळते, तुम्ही नवी घेतली असेल तर तीही नाही.

अर्धी_भाकर: ताई, मी दूरस्थ पद्धतीने दोन वर्षांचा केलाय, जुळी मुलं पहिलीत असताना. कोळिकोडची आयआयएम दोन दशकांहून जास्त काळ नोकरदारांना असं शिकवतेय, तेव्हा पद्धतच बोगस आहे असं नाही. घराचं विचारलंत म्हणून सांगते. शनिवारचा बाजार पहिले तीन महिने मीच केला आणि चौथ्या महिन्यात तापाने पडले. मग एका कागदावर घरातली सगळी कामं लिहिली, "मदत कर" हा शब्द त्यात कुठेच ठेवला नाही. प्रत्येक कामापुढे एक नाव. डबा: तो. गॅस सिलिंडर: तो. पालकसभा: तो. भाजी निवडलेली नसेल तर न निवडलेली खायची. सहा आठवडे घरात कुरबुर होती. आणि मुलीची दहावी असताना सुरू करू नका. माझं ऐका, एक वर्ष थांबा.

तळटीप: "एक वर्ष थांबा" याला माझा विरोध. दहावीनंतर बारावी असते, मग सासूबाईंचं ऑपरेशन असतं. बायकांचं एक वर्ष कधी संपत नाही.

खडूचा_तुकडा: तुमची पोस्ट दोनदा वाचली. उत्तर तुमच्याच मीटिंगच्या प्रसंगात आहे असं मला वाटतं. तुम्ही अडलात ते एका विशिष्ट प्रश्नावर: अडलेल्या बॅचची किंमत किती? त्यासाठी साडेपाच लाख कशाला? कॉस्टिंगच्या माणसाकडे आठवड्याला अर्धा तास मागा, एका प्रॉडक्टचं कॉस्ट शीट समोर ठेवा. कच्चा माल, सॉल्व्हंट, यंत्राचे तास, गोदामातलं भाडं, अडकलेल्या पैशावरचं व्याज. पुढच्या वेळी बॅच अडली की रिपोर्टच्या शेवटी तो आकडा तुम्हीच लिहा, कोणी विचारायच्या आत. सोबत एनपीटीईएलचा (आयआयटींच्या सरकारी ऑनलाइन कोर्सपैकी) अकाउंटिंगचा किंवा ऑपरेशन्सचा बारा आठवड्यांचा कोर्स जुलैच्या सत्रात घ्या. शिकणं फुकट, परीक्षा द्यायची तर १००० रुपये. पंचवीस टक्के गुण दर आठवड्याच्या असाइनमेंटचे, पंचाहत्तर केंद्रावरच्या परीक्षेचे. बारा आठवडे तुमच्या घराला झेपतात का ते हजार रुपयांत कळेल. झेपले तर डिग्रीचं बघा, तीही कंपनीकडून थोडे पैसे मिळतात का विचारून. बाँड लिहून घेतील, पण तुम्ही कुठे जाणार नाहीच आहात म्हणता ना?

रविवारचा_रस्सा: खडूचा_तुकडा, कॉस्ट शीटचा मुद्दा पटला, पण "आतून शिकलं की वर नेतात" हे नेहमी होत नाही हो. आतलं माणूस सगळ्यांना गृहीत असतं. कागद लागतोच.

मांडवीपलीकडची: सगळ्यांचे आभार, एकेकाला लिहिणं जमलं नाही. मधल्या दहा दिवसांत झालेलं सांगते. स्कॉलरशिपवाल्याला विचारलं, हातात नेमकं काय मिळणार ते ईमेलवर लिहून द्या. फोन बंद झाले. एचआरकडून डेप्युटी मॅनेजरच्या जागेची जाहिरात मिळवून वाचली, तिथे एमबीएला "प्राधान्य" लिहिलंय, अट म्हणून नाही. आठ वर्षं मी ती अट समजत होते. कॉस्टिंगचे काका मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत बसायला तयार झालेत, मोबदला म्हणून आठळ्यांची भाजी ठरलीय.

जुलैच्या कोर्सला नाव घातलं. अर्धी_भाकर, तुमच्यासारखा कागद केला आणि फ्रिजवर लावला. मुलीने स्वतःहून भावाच्या पाढ्यांपुढे तिचं नाव लिहिलं, नवऱ्याने डब्यापुढे त्याचं. मासळीबाजारापुढेही त्याने बेधडक नाव लिहिलंय, पण सध्या ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर बंद आहेत आणि घरात सुकं आहे. कसोटी ऑगस्टात. आणि चवथीच्या (गणपतीच्या) आठवड्यातल्या असाइनमेंटचं काय करायचं, कोणी केलंय का?