मदत हवी आहे: १९६२चा एअरस्ट्रीम ट्रेलर भारतात जाऊन आलाय का?

अमेरिकेत, ओहायोत राहतो. गेल्या महिन्यात १९६२चा एअरस्ट्रीम बांबी घेतला, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायचा, आत राहता येणारा ट्रेलर, १६ फुटी, ॲल्युमिनियमचा. विकणाऱ्यांचं म्हणणं की हा १९६३-६४च्या जगप्रदक्षिणेत होता. सिंगापूरहून निघून भारतमार्गे लिस्बनपर्यंत गेलेला एअरस्ट्रीम ट्रेलरांचा तो ताफा. कागद मात्र एकही नाही.

पुढच्या बाजूला, खिडकीच्या वर, सकाळचं तिरकं ऊन पडलं की काढून टाकलेल्या आकड्यांचे ठसे दिसतात. वॉली बायम क्लबचे (एअरस्ट्रीम मालकांचा क्लब) सभासद आपल्या ट्रेलरवर सभासद क्रमांकाचे लावायचे तेच मोठे लाल आकडे असणार. पहिले दोन ३ आणि ७, पुढचे पुसट. पॉलिश मुद्दाम केलेलं नाही, नाहीतर तेही जातील.

अनुक्रमांकाची पट्टी शाबूत आहे, त्यावरून साल आणि मॉडेल जुळलं. मालकीच्या कागदावर फक्त शेवटचं नाव आहे. १९९४च्या गोपनीयता कायद्यामुळे नोंदणी खात्याकडून आधीची नावं मिळत नाहीत. क्लबला ईमेल केलाय, उत्तराची वाट पाहतोय. किंमत काढायची नाही, विकायचाही नाही. मूळ मालक कोण आणि ट्रेलर खरंच भारतात गेला होता का, एवढंच हवंय.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. साठच्या दशकातल्या क्लबच्या सभासद-याद्या, आकड्यांसकट, कुठे पाहायला मिळतील? आणि त्या ताफ्याचे भारतातले फोटो किंवा तेव्हाच्या वर्तमानपत्रातली कात्रणं कुणाच्या घरी, कुणाच्या पाहण्यात आहेत का? फोटोत ट्रेलरची पुढची बाजू दिसत असेल तर फारच उत्तम.