फेट्यातल्या आजोबांवरच का हसायचं?

धोमकाठ:
काल इथं एक व्यंगचित्र फिरत होतं. फेटेवाले आजोबा मॉडर्न चित्रासमोर मान वाकडी करून उभे, मागं शहरातली पोरं फिदीफिदी हसतायत, आणि टाकणाऱ्यानं वर लिहिलंय की सातारा-सांगलीच्या लोकांना हे झेपायचं नाही. डोकंच फिरलं. अहो १८७४ ला पॅरिसमध्ये इम्प्रेशनिस्टांची, म्हणजे तेव्हाच्या नव्या धाटणीच्या चित्रकारांची, टर उडवणारे काय वाईचे शेतकरी होते का? चांगले शिकलेसवरलेले लोक होते. १८७७ च्या एका व्यंगचित्रात तर इम्प्रेशनिस्टांच्या प्रदर्शनाच्या दारावरचा शिपाई गरोदर बाईला सांगतोय, आत जाऊ नका, धोका आहे. आणि आमच्या अण्णांना यमाईच्या दर्शनाला औंधला नेलं होतं तेव्हा डोंगरावरच्या म्युझियममध्येही गेलो. हेन्री मूर या परदेशी शिल्पकाराचं दगडातलं आई-मूल आहे तिथं. मी पाटी शोधत होतो तोवर अण्णा म्हणाले, "आई हाय ही," आणि हात जोडले. चौथी शिकलेला माणूस!

मिरजमाळ:
अण्णांना नमस्कार, पण एका अण्णांवरून सगळा जिल्हा रसिक ठरत नाही. व्यंगचित्रकार हसवणारच ना राव. १९१३ ला न्यूयॉर्कच्या आर्मरी शो या मॉडर्न कलेच्या प्रदर्शनात द्युशाँ या चित्रकारानं जिना उतरणाऱ्या नग्न बाईचं चित्र मांडलं, लगेच ग्रिसवोल्ड या व्यंगचित्रकारानं त्याच तुकड्या-तुकड्यांच्या शैलीत भुयारी रेल्वेच्या जिन्यावरची धक्काबुक्की काढून पेपरात छापली. चित्रालाही टोला, गर्दीलाही. कोण रडत बसलं? आणि भिंतीला टेपनं चिकटवलेलं केळं कलाकृती म्हणून २०२४ ला ६२ लाख डॉलरला गेलं त्यावर लोकांनी हसायचं नाही तर काय आरती करायची?

धोमकाठ:
केळ्यावर हसा की, कोण नको म्हणतंय? ६२ लाख मोजणाऱ्याला काढा. तो कधीच नसतो चित्रात, कायम धोतरवालाच सापडतो तुम्हाला.

हळदपेठ:
तुम्ही पॅरिस-न्यूयॉर्क फिरा निवांत. इथं माझ्या मुलीच्या शाळेत चित्रकलेचे सर रिटायर झाले ती जागा भरलीच नाही, तास दिला गणितवाल्यांना. एलिमेंटरीला बसायचं तर बाहेर क्लास लावा. पोरीनं आभाळ पिवळं रंगवलं तर वहीत लाल पेनानं शेरा, "आकाश निळे असते". आता ही पोरगी मोठी होऊन कुठल्या चित्रासमोर उभी राहणार?

गुणाकार:
मी गणितच शिकवतो म्हणून बोलतो. आम्ही काय हौसेनं घेतो का तो तास? इलेक्शनची ड्युटी आम्ही करायची, सर्वे आम्ही करायचे, पोर्टलवर माहिती आम्ही भरायची, वर चित्रकला. शिव्या घालायला बरे सापडतो आम्ही.

हळदपेठ:
मग तास रिकामा सोडा, खेळू दे पोरांना. शेरा मारायची सक्ती कुणी केली होती?

गुणाकार:
कोरी वही दिसली की तपासणीला आम्हालाच उभं करतात, तुम्हाला नाही!! कधी शाळेत येऊन बघितलंय का?

मिरजमाळ:
अरे व्यंगचित्राचं बोला की. बरं धोमकाठ, एवढं मान्य करतो, आजोबांच्या जागी केळं घेणारा शेठ उभा केला असता तर ते जास्त जमलं असतं. पण आजोबा काढायचेच नाहीत हा तुमचा फतवा अजिबात मान्य नाही.

धोमकाठ:
फतवा कुठं काढला? नेम चुकला म्हणालो. आणि मान्य करायला एवढा वेळ लागला तुम्हाला.

हळदपेठ:
सर, शाळेत येऊनच बोलतोय. जागा भरा म्हणून पालकांचं पत्र तयार आहे, शिक्षकांच्याही सह्या लागतील. कराल?

गुणाकार:
करतो. पण त्या पत्रात गणितवाल्यांच्या नावानं एक ओळ जरी दिसली तरी सही मिळणार नाही, आधी वाचायला पाठवा.