मदत हवी आहे: टेनर सॅक्सोफोनचे पॅड (भोकं झाकणाऱ्या चामड्याच्या गोल गाद्या) सांगली-मिरजेत कोण बदलून देतं?

आमचा हौशी जॅझ बँड आहे, वीसेक वर्षं दर रविवारी वाजवतोय, सगळे नोकरी-धंदा सांभाळून. आता टेनर सॅक्सोफोन आजारी पडलाय. खालचे सी, बी आणि बी फ्लॅट हे सूर येतच नाहीत, जोर लावून फुंकलं की नुसता घरघर आवाज आणि मग सूर वरच्या सप्तकात उडी मारतो, वरचे सूर मात्र ठीक आहेत.

रीड (फुंकल्यावर थरथरणारी पातळ पट्टी) तीन बदलून बघितल्या, माउथपीसही दुसरं लावून बघितलं, फरक शून्य. काल रात्री लाईट बंद करून नळीत छोटा एलईडी सोडला तर जी शार्पच्या पॅडखालून उजेडाची बारीक रेघ दिसली, म्हणजे तिथून हवा गळतेय, खालच्या दोन पॅडचं चामडंही कडक होऊन कडेला फाटलंय. (2019 च्या पुरात सॅक्सची पेटी माळ्यावर होती म्हणून वाचली, पण ओल लागलीच असणार.)

मिरजेत सतारमेकर गल्लीत विचारलं, ते म्हणाले आमचं काम लाकूड आणि भोपळ्याचं, हे नाही जमायचं. लग्नाच्या बँडवाल्यांचा एक कारागीर फेव्हिक्विकने चिकटवतो म्हणाला, मी हात जोडले, कारण पॅड लाखेवर बसवतात, गरम करून परत लेव्हल करता यायला पाहिजे ना.

कार्यक्रम तीन आठवड्यांवर आहे, मुंबईला जाणं जमणार नाही, कोल्हापूर किंवा पुणे चालेल. तर असं काम नीट करणारं कुणी स्वतः अनुभवलेलं आहे का, आणि तीनच पॅड बदलून भागेल की सगळा सेटच घालावा लागेल?